दोन परीक्षा राहून गेलेला विद्यार्थी – संत पिएर जॉर्जो फ्रासाती



परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या चर्चमधली युवकांची बाके रिकामी दिसू लागतात. गायनवृंदातले दोन-तीन आवाज कमी होतात, वाचन करणाऱ्यांच्या यादीतली नावे गळतात. विचारले तर सगळे एकच सांगतात की वेळ मिळत नाही. पालकही मुलांचीच बाजू घेतात. सकाळी क्लास, मग विरार लोकलमधली धक्काबुक्की, कॉलेज, सबमिशन, घरी यायला रात्र. त्यात मिस्सा कधी, प्रार्थना कधी आणि अभ्यासाबाहेरचे पुस्तक तरी कधी हातात घ्यायचे? आम्ही या मुलांना दोष देत नाही. त्यांचा दिवस खरोखरच भरलेला असतो.

म्हणून या रविवारी आम्ही एका विद्यार्थ्याचे चरित्र सांगणार आहोत. त्याला अभ्यास सोपा जात नव्हता. लॅटिन विषयात तो नापास झाला होता. इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम त्याला जवळजवळ सात वर्षांतही पुरा करता आला नाही, दोन परीक्षा राहिल्या त्या राहिल्याच. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रोममध्ये संत पेत्राच्या चौकात पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी कार्लो अकुतिस हाही संत झाला. कार्लो आपल्या मुलांना ठाऊक आहे, कारण तो कॉम्प्युटरवाला. त्याच्या शेजारी दुसरा फोटो होता तो पिएर जॉर्जो फ्रासातीचा. त्याच्याकडे आपले लक्ष थोडे कमीच गेले.

पिएर जॉर्जोचा जन्म इटलीतील तुरीन शहरात ६ एप्रिल १९०१ रोजी, पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी झाला. घर श्रीमंत होते आणि नावाजलेलेही. वडील अल्फ्रेदो फ्रासाती हे ‘ला स्ताम्पा’ या मोठ्या दैनिकाचे संस्थापक व संपादक. १९१३ साली ते सिनेटर झाले आणि पुढे १९२० ते १९२२ या काळात जर्मनीत इटलीचे राजदूत होते. आई अडेलेड चित्रकार होत्या. पिएर जॉर्जोला एकच बहीण, लुचियाना, त्याच्यापेक्षा सव्वा वर्षाने लहान.

बाहेरून पाहणाऱ्याला या घरात काही उणे दिसले नसते. पण वडील श्रद्धेपासून दूर गेलेले होते. आई रविवारची मिस्सा चुकवत नसत, तरी घरात एकत्र प्रार्थना अशी नव्हती. शिवाय नवरा-बायकोचे पटत नव्हते. जेवणाच्या टेबलावर कडक शिस्त होती, मायेची ऊब नव्हती. मुले पाळण्यातून उठून थेट प्रार्थनेला बसली असे वर्णन संतांच्या चरित्रात आपण नेहमी वाचतो. इथे तसे काही नाही. या मुलाची श्रद्धा घराने दिलेली नव्हती. ती त्याने घराबाहेरून मिळवली आणि घरात जवळजवळ लपवून वाढवली.

हे घडले ते नापास झाल्यामुळे. १९१३ साली सरकारी शाळेत लॅटिनमध्ये गाडी अडली, तेव्हा वडिलांनी त्याला येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत घातले. तिथल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी त्याला रोज ख्रिस्तप्रसाद घेण्याची गोडी लावली. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण १९०५ सालापर्यंत सामान्य श्रद्धावंतांनी रोज ख्रिस्तप्रसाद घेण्याची रीत नव्हती. त्या वर्षी पोप पायस दहावे यांनी आज्ञापत्र काढून ती वाट मोकळी केली. आईला ही गोष्ट रुचली नाही. रोजचे झाले की त्याचे महत्त्व उरणार नाही आणि मुलगा कर्मठ होईल अशी त्यांना भीती वाटत होती. मुलाने हट्ट धरला आणि परवानगी मिळवली. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याच्या दिवसाची पहिली गोष्ट ठरलेली राहिली.

आमच्या मते त्याच्या वेळापत्रकाची किल्ली इथेच आहे. त्याने दिवस आखला आणि मग उरलेल्या फटीत मिस्सा बसते का हे पाहिले, असे झाले नाही. आधी मिस्सा ठरली, मग बाकीचा दिवस तिच्याभोवती बसला. पोल्लोने या गावी त्यांचे उन्हाळ्यातले घर होते. तिथून ओरोपाच्या पवित्र मातेचे डोंगरावरचे तीर्थक्षेत्र जवळ. पहाटे उठून पायी तिथे जायचे, मिस्सा ऐकायची आणि घरची माणसे न्याहारीला बसायच्या आत परत यायचे, असा त्याचा क्रम असे. लवकर जाग यावी म्हणून तो खिडकीतून दोरी खाली सोडून ठेवी आणि माळीबुवा ती ओढून त्याला उठवत, असे सांगतात. म्हणजे झोप त्यालाही प्यारी होती.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने तुरीनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये नाव घातले. विषय निवडला खाणकाम. श्रीमंत घरातल्या मुलाला खाणीत काय करायचे होते? त्या काळी कामगारांत खाणकामगारांचे हाल सर्वांत वाईट. त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांच्यासोबत काम करावे आणि तिथे ख्रिस्ताची सेवा करावी, असा त्याचा विचार होता. धर्मगुरू होण्याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. पण प्रापंचिक राहूनच आपण या माणसांच्या अधिक जवळ जाऊ असे त्याने ठरवले.

त्याच वर्षी तो संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा सभासद झाला. आपल्या धर्मग्रामातील व्हिन्सेंशियन बंधू-भगिनींना हे वाचून आनंद होईल. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक असेलच, पण युवकांना सांगायला हवी. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली ती विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता आणि कायद्याचा अभ्यास करत होता. वादसभेत कुणीतरी ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी काय करतात असे विचारले आणि त्याला ते झोंबले. म्हणजे या सोसायटीचा पाया कॉलेजातल्या मुलांनी, अभ्यास सांभाळून, घातलेला आहे. आज तिच्या सभेला केस पांढरे झालेलीच मंडळी जास्त दिसतात, हा भाग वेगळा.

पिएर जॉर्जो दर आठवड्याला तुरीनच्या गरीब वस्त्यांत जाई. पोटमाळ्यावरच्या खोल्या, ओल आलेल्या भिंती, क्षयाचे रोगी. तो औषधे नेई, कोळसा नेई, कुणासाठी नोकरी शोधी, कुणाचे गहाण पडलेले सामान सोडवी. घरून मिळणारा हातखर्च फारसा नव्हता, कारण वडील पैशाच्या बाबतीत कडक होते. म्हणून ट्रामचे पैसे तो कुणाला तरी देऊन टाकी आणि जेवणाची वेळ चुकू नये म्हणून धावत घरी येई. रेल्वेने तो तिसऱ्या वर्गाने प्रवास करी. घरच्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना दिसे ते एवढेच की मुलगा उशिरा येतो, घामाघूम होऊन येतो आणि त्याच्या परीक्षा पुढे पुढे जातात.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण मुद्दा नाजूक आहे. देवाला वेळ दिला की मार्क आपोआप वाढतात, असे काही भक्तिपर पुस्तकांत सुचवलेले असते. आम्ही तसे म्हणणार नाही आणि फ्रासातीचे चरित्र तर तसे म्हणूच देत नाही. तो हुशार विद्यार्थ्यांत मोडत नव्हता. गणित आणि यंत्रशास्त्र त्याच्या डोक्यात सावकाश शिरत असे. इटलीत परीक्षा एकेक करून देता येत. त्यामुळे तयारी झाली नाही की ती पुढच्या वेळेवर जाई. पोटमाळ्यावरचे जिने चढण्यात गेलेले तास त्याने टेबलाशी घालवले असते, तर पदवी बहुधा लवकर हाती आली असती. हे मान्य करायला हवे. जी किंमत होती ती त्याने भरली.

पण याचा अर्थ त्याने अभ्यास वाऱ्यावर सोडला असाही नाही. अभ्यास हे आपले कर्तव्य आहे आणि ते देवानेच दिलेले आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत परीक्षांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. त्यांचा कंटाळा, त्यांचे ओझे आणि तरीही खोलीत कोंडून घेऊन बसणे, सगळे त्यात आहे. डोंगर चढणे आणि बर्फावरून घसरणे म्हणजे त्याचा जीव की प्राण. परीक्षा जवळ आली की तो सहलींनाही कात्री लावी. घरात त्याच्याविषयी निराशा होती. स्वतःच्या कष्टाने वर आलेल्या वडिलांना मुलात महत्त्वाकांक्षा दिसत नव्हती. ही निराशा तो रोज जेवणाच्या टेबलावर पाहत होता आणि उत्तर देत नव्हता.

मग वाचन कुठे बसले? त्याच्या वाचनाची यादी लांब नाही आणि हेच आम्हाला लक्षात घेण्यासारखे वाटते. संत पौलाची पत्रे, संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’, सिएनाच्या संत कॅथरीनचे लिखाण आणि कवी दान्ते. हीच पुस्तके तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. दान्तेचे सर्गच्या सर्ग त्याला पाठ होते आणि डोंगर चढताना तो ते मोठ्या आवाजात म्हणत असे. पौलाच्या पत्रांपैकी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय, जो आपण लग्नाच्या मिस्सात नेहमी ऐकतो, तो त्याच्या विशेष आवडीचा होता. आपल्याकडे तो अध्याय लग्नापुरता राहिला आहे. हा मुलगा तो वाचून संध्याकाळी क्षयरोग्याच्या खोलीत जात होता आणि पौलाने प्रेमाविषयी जे सांगितले ते तिथे खरे ठरते का हे पाहत होता.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा वाचनाचा अर्थ बराचसा टिपणे काढणे हाच होता. परीक्षेसाठी वाचलेले परीक्षा झाली की विसरायला होते, हा अनुभव तुम्हा सर्वांचा असेल. पिएर जॉर्जोचे हे वाचन कुठल्याही परीक्षेला लागणारे नव्हते. तो पंडित होण्यासाठी वाचत नव्हता. त्याला ते लगेच लागत होते. पॉलिटेक्निकमध्ये समाजवादी मुलांशी वाद व्हायचे, कामगारांशी बोलायचे असे, कुणी धर्माची टर उडवली तर उत्तर द्यावे लागे. कुटुंब मोडायला आले होते, त्यावर मनाला आधार लागे. अशा वाचनाला सलग तीन तास लागत नाहीत. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचे आहे. वसई ते अंधेरी या प्रवासात, बसायला जागा मिळाली तर, ते सावकाशीने दोनदा वाचून होते. जागा नाही मिळाली तर जपमाळ आहेच. पिएर जॉर्जो ती रस्त्याने चालताना, गाडीत, कुणाची लाज न बाळगता म्हणत असे.

जपमाळेची एक गोष्ट सांगतात. रात्री पलंगाजवळ गुडघे टेकून प्रार्थना करता करता तो तसाच झोपी गेलेला वडिलांना दिसला. हातात जपमाळ. अल्फ्रेदो फ्रासातींना ते पाहवले नाही आणि त्यांनी धर्मगुरूंकडे जाऊन तक्रार केली की तुम्ही माझ्या मुलाचे हे काय करून ठेवले आहे. या तक्रारीत रागापेक्षा काळजी अधिक असावी असे आम्हाला वाटते. बापाला मुलगा दिवसेंदिवस अनोळखी होत चालला होता.

कॉलेजातला काळही साधा नव्हता. महायुद्ध नुकतेच संपले होते. १९२० च्या सप्टेंबरमध्ये तुरीनच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले होते. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुसोलिनी सत्तेवर आला आणि पिएर जॉर्जोच्या वडिलांनी राजदूतपदाचा राजीनामा दिला. विद्यापीठात धर्माची चेष्टा करणे हे आधुनिकतेचे लक्षण समजले जाई. पिएर जॉर्जो कॅथॉलिक विद्यार्थ्यांच्या संघटनेत काम करत होता. पवित्र साक्रामेंताच्या रात्रीच्या आराधनेचे निमंत्रण त्याने पॉलिटेक्निकच्या सूचनाफलकावर लावले. ते फाडायला मुलांचा घोळका आला, तेव्हा हा एकटा फलकासमोर उभा राहिला. कागद शेवटी फाटलाच, पण आराधना झाली. रात्रभर देवासमोर बसून पहाटे घरी येणाऱ्या मुलाविषयी घरातल्यांनी काय तर्क केले असतील, याची कल्पना करता येते.

१९२१ च्या सप्टेंबरमध्ये रोममध्ये कॅथॉलिक युवकांचा मेळावा भरला होता. मिरवणुकीवर पोलीस तुटून पडले आणि झेंडे हिसकावू लागले. पिएर जॉर्जोने आपला झेंडा सोडला नाही आणि त्याला पकडून नेले. १९२३ साली मुसोलिनी तुरीनला आला, तेव्हा त्याच्याच विद्यार्थी मंडळाने स्वागतासाठी झेंडा बाहेर लावला. त्याने त्या मंडळाचा राजीनामा दिला. १९२४ च्या जूनमध्ये फॅसिस्ट गुंड त्यांच्या घरात घुसले तेव्हा आरडाओरड ऐकून तो धावला आणि त्याने त्यांना पिटाळून लावले. गुडघे टेकणारा मुलगा म्हणजे भित्रा मुलगा अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे प्रसंग ध्यानात घ्यावेत.

जर्मनीतल्या मुक्कामाची एक गोष्ट आम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२१ साली जर्मन भाषा शिकण्यासाठी तो फ्रायबुर्ग शहरात राहनर कुटुंबात राहिला. या घरातला कार्ल तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे हाच कार्ल राहनर येशूसंघीय धर्मगुरू आणि विसाव्या शतकातला फार मोठा ईशज्ञानी झाला. आमच्या पिढीतल्या सेमिनरियनांना त्याची पुस्तके समजून घेताना घाम फुटत असे. त्या राहनरने पुढे पिएर जॉर्जोच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली. एवढ्या विद्वानाला कॉलेजात रखडलेल्या या पाहुण्याची आठवण पुसता आली नाही.

हे सर्व वाचून तो गंभीर चेहऱ्याचा असेल असे कुणाला वाटेल. तो पाइप ओढत असे (युवकांनी यात त्याचे अनुकरण करू नये), मोठ्याने हसत असे, बेसूर गात असे. १९२४ च्या मे महिन्यात त्याने मित्रमैत्रिणींचा एक गमतीचा गट काढला आणि त्याला संशयास्पद मंडळी अशा अर्थाचे नाव दिले. प्रत्येकाला टोपणनाव होते. याचे नाव होते रोबेस्पिएर. ही मंडळी डोंगरावर जात आणि रविवार असेल तर मिस्साची व्यवस्था आधी होई. बिलियर्ड खेळताना तो पैज लावी. आपण हरलो तर पैसे द्यायचे, जिंकलो तर समोरच्याने आपल्याबरोबर पवित्र तासाला यायचे. त्याचा खेळ चांगला होता.

२८ मे १९२२ रोजी त्याने डॉमिनिकन तृतीय संघात प्रवेश केला. या संघात प्रापंचिक माणसे आपापल्या घरी राहून संत डॉमिनिकच्या वाटेने जगतात. त्याने जिरोलामो हे नाव घेतले, फ्लॉरेन्सचे निर्भीड धर्मोपदेशक सावोनारोला यांच्या आठवणीसाठी. त्यानंतर पवित्र मरिया मातेची लहान प्रार्थनापोथी हीदेखील त्याच्या रोजच्या दिवसात आली. एवढ्या गडबडीत त्याने आणखी एक काम अंगावर घेतले, असे आपण म्हणू. त्याला ते ओझे वाटले नसावे.

शेवटचे वर्ष कठीण गेले. मित्रमंडळींतल्या एका मुलीवर त्याचे प्रेम होते. ती साध्या घरातली होती आणि आईवडिलांना ती पसंत पडणार नाही हे तो जाणून होता. घरात आधीच तडे गेलेले होते. आपल्या लग्नाच्या वादाने ते घर पुरते फुटेल या भीतीने त्याने तो विषय मनातच ठेवला. त्या मुलीला त्याने कधी कळूही दिले नाही. सांगितले ते बहिणीला. २४ जानेवारी १९२५ रोजी लुचियानाचे पोलंडच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याशी लग्न झाले आणि ती परदेशी गेली. तिला निरोप देताना स्टेशनवर पिएर जॉर्जो ढसाढसा रडला. घरात जिच्याशी मनातले बोलता येई ती एकच व्यक्ती होती. आता घरात तो, आई, वडील आणि राहिलेल्या परीक्षा. त्या महिन्यांत तो ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ वाचत होता.

त्याच वर्षी जूनमध्ये वडिलांनी ‘ला स्ताम्पा’तल्या एका सहकाऱ्यामार्फत निरोप दिला की पदवी झाल्यावर मुलाने वृत्तपत्राच्या कारभारात यावे. बापाने हे स्वतः मुलाला सांगितले नाही, दुसऱ्याकडून सांगितले, यावरून घरातले अंतर कळते. ज्या खाणकामगारांसाठी सात वर्षे हा न झेपणारा अभ्यास चालला होता, ते स्वप्न यामुळे संपणार होते. पिएर जॉर्जोने एवढेच विचारून घेतले की याने वडिलांना बरे वाटेल ना. वाटेल असे कळल्यावर त्याने होकार दिला. चरित्रकार या प्रसंगावरून लवकर पुढे जातात. आम्हाला मात्र डोंगरावरच्या सर्व चढाईंपेक्षा हा होकार अवघड वाटतो. तो बरोबर होता का? आईवडिलांचा मान राखावा हे चौथ्या आज्ञेत आहे, आणि देवाने मनात घातलेली हाक ऐकावी हेही खरे. या दोहोंत त्याने काय केले असते हे पाहायला तो पुढे जगला नाही.

३० जूनला त्याचे डोके दुखू लागले आणि जेवण जाईना. घरात आजी अखेरच्या घटका मोजत होती. सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे. परीक्षेच्या तयारीने थकला असेल असे समजून त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. १ जुलैला आजी गेली. तिच्यापाशी प्रार्थना करायला तो भिंत धरत, पडत-उठत गेला. गरजेच्या वेळीच हा आजारी पडला म्हणून आईने बोलही लावले. तिला काय माहीत? डॉक्टर आले तोपर्यंत पाय लुळे पडले होते. आजार पोलिओचा होता. गरीब वस्तीतल्या भेटींतच त्याला तो जडला असावा असे मानतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून सीरम मागवले, पण ते वेळेत उपयोगी पडले नाही.

३ जुलैला शुक्रवार होता. शुक्रवार हा त्याचा गरिबांच्या भेटीचा दिवस. त्याने लुचियानाला जाकिटाच्या खिशातून काही वस्तू काढायला सांगितल्या. त्यात एका गरीब रोग्यासाठी घेतलेली इंजेक्शने होती आणि दुसऱ्या एकाची गहाणवटीची पावती होती. तिची मुदत संपत आली होती. लुळ्या पडत चाललेल्या हाताने, वाचता येईल न येईल अशा अक्षरात त्याने सोसायटीतल्या मित्राला चिठ्ठी लिहिली, की इंजेक्शने अमक्याला पोचवावीत आणि पावतीची मुदत वाढवून घ्यावी, खर्च आपल्या नावावर मांडावा. दुसऱ्या दिवशी, ४ जुलै १९२५ रोजी, संध्याकाळी सातच्या सुमारास त्याने प्राण सोडला. वय चोवीस वर्षे तीन महिने.

अंत्ययात्रेला सिनेटर फ्रासातींच्या ओळखीची प्रतिष्ठित मंडळी येणार हे घरच्यांनी धरले होते. ६ जुलैला दार उघडले तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते. फाटक्या कपड्यांतली, काठीवर टेकलेली, कडेवर मुले घेतलेली माणसे हजारोंच्या संख्येने आली होती. ही माणसे कोण, हे आईवडिलांना कळेना. आणि त्या माणसांपैकी अनेकांना, आपल्या दाराशी कोळसा घेऊन येणारा हा मुलगा इतक्या बड्या घरचा होता हे त्या दिवशी प्रथमच कळले. आपल्या मुलाची ओळख बापाला त्याच्या शवपेटीमागून चालताना झाली.

पुढची हकिगत थोडक्यात. तुरीनच्या गरिबांच्याच आग्रहावरून १९३२ साली त्याच्या संतपदाची चौकशी सुरू झाली. मध्ये खोट्या शंकांमुळे ती बरीच वर्षे अडली. २० मे १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. स्वतः गिर्यारोहक असलेले हे पोप आदल्या वर्षी पोल्लोनेला त्याच्या कबरीवर जाऊन आले होते. संतपदासाठी मान्य झालेला चमत्कारही एका विद्यार्थ्याच्याच बाबतीत घडला. २०१७ साली लॉस एंजेलिसच्या एका सेमिनरियनला बास्केटबॉल खेळताना टाचेच्या शिरेला इजा झाली. त्याने पिएर जॉर्जोच्या मध्यस्थीने नोव्हेना केली आणि शस्त्रक्रिया न करता तो बरा झाला. तो पुढे धर्मगुरू झाला.

भावाची पत्रे जमवण्याचे, त्याच्यावर पुस्तके लिहिण्याचे काम लुचियानाने आयुष्यभर केले. १९९० सालचा सोहळा तिने पाहिला, २००७ साली एकशे पाच वर्षांची होऊन ती वारली. पिएर जॉर्जोचा देह आता तुरीनच्या कॅथीड्रलमध्ये आहे. त्याच कॅथीड्रलमध्ये प्रभूचे म्हणून मानलेले पवित्र प्रेतवस्त्रही ठेवलेले आहे. त्याचा सण ४ जुलैला येतो, आपल्याकडे कॉलेजे सुरू होऊन थोडे दिवस झालेले असतात तेव्हा.

तुमचे धर्मगुरू